दोरीवरचं वाचनालय

मोझरखेडच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयाचा जिना ज्याने कोणी बांधला, त्याला एकतर पुस्तकांचा राग असावा, नाहीतर माणसांच्या गुडघ्यांचा. भर चौकातून निघून तो भिंतीला शिडी टेकवावी तसा सरळ वर जायचा. कठडा नव्हता. कठड्याच्या जागी एक मळकी दोरी बांधलेली होती, आणि ती धरली की चढणाऱ्याला धीर कमी आणि भीतीच जास्त वाटायची. या जिन्यावरून रोज सकाळी, कापसाच्या जिनिंगचा भोंगा व्हायच्या आत, धावजी हमाल नलूला पाठीवर घेऊन चढायचा.

नलू वाचनालयाची ग्रंथपाल. वय बावीस. लहानपणी तापात तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली, ती परत आलीच नाही. म्हणून काही ती घरात बसून राहिली नव्हती. दोन हातांत दोन लाकडी ठोकळे धरायचे, ते जमिनीवर रोवायचे आणि अंग पुढे न्यायचं, अशी ती वस्तीभर हिंडायची. विहिरीवर भांडण लागलं की पायांनी चालणाऱ्या बायांआधी नलू तिथे हजर असायची. पण वस्तीची हद्द संपली की ठोकळे बंद. ही तिच्या बापाची, गोविंदाची सक्त ताकीद होती.

गोविंदा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्याला आता तीन वर्षं होत आली होती, पण त्या दिवसापासून ताठ झालेली त्याची मान अजून खाली आली नव्हती. तो म्हणायचा, "ज्या चौकात माह्या बापानं मातीत बसून जोहार केला, त्या चौकात माही पोरगी मातीतून घसटत जानार नाई. जाईन तं उंचावरून जाईन." त्याची स्वतःची कंबर जिनिंगच्या प्रेसवर कापसाच्या गाठी उचलून कामातून गेली होती, म्हणून त्याने बरोबरीच्या धावजीला गळ घातली. धावजी गावाबाहेरच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता, त्यामुळे ओझं म्हटलं की याला लाज नव्हती, उलट गंमतच वाटायची.

"कापसाच्या गाठीपुढं तू म्हंजे पीस आहे, बाई," तो जिना चढता चढता म्हणायचा. "फक्त गाठ बोलत नाई, तू बोलते."

वर पोचवून तो उतरून गेला की मग मात्र नलूचं बोलणं बंद व्हायचं. जिन्याच्या तोंडाशी बसून ती एकदा खाली पाहायची. तो गेला म्हणजे आता संध्याकाळपर्यंत ही खोली, ही कपाटं आणि चौकावर उघडणारी ही एक खिडकी. आग लागली तरी इथेच आणि ताप चढला तरी इथेच. सकाळी उठल्यापासून ती पाण्याला तोंड लावायची नाही, कारण मोरी खाली, परसात. उन्हाळ्यात तिचे ओठ फुटायचे. लोकांना वाटायचं, पोरगी फार वाचते म्हणून सुकली.

तिला ही जागा मिळाली ती पुंडलिकरावांमुळे. पुंडलिकराव म्हणजे वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष, कापसाचे अडते, माणूस मनाने खरोखर चांगला. जुने ग्रंथपाल मुलीकडे अमरावतीला निघून गेले, तेव्हा मराठी सातवी पहिल्या नंबराने पास झालेली नलू त्यांना आठवली. कमिटीत एकदोघांनी नाकं मुरडली. पुंडलिकरावांनी त्यांना गप्प केलं, आणि पुढे महिनाभर ज्याला त्याला हे सांगत सुटले. चांगलं काम केल्यावर ते कोणाला सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

आता थैलीचं. खिडकीतून पुस्तकं खाली सोडायची ती थैली नलूनेच शिवली, आणि तिथेच तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं. इंदुताई म्हणून मुलींच्या शाळेतल्या जुन्या बाई होत्या. नलूला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचे गुडघे सुजलेले, जिना चढणं शक्य नाही. पहिल्याच महिन्यात एकदा त्या खालच्या ओट्यावर बसून खिडकीकडे पाहत रडल्या. मरेपर्यंत आता पुस्तक हाती लागायचं नाही म्हणाल्या. नलूने गाठींवरच्या तागाच्या बारदानाची एक थैली शिवली, तिला दोरी बांधली आणि हवं ते पुस्तक खिडकीतून खाली सोडलं. इंदुताईंनी जुनं पुस्तक थैलीत घातलं. नलूने ते वर ओढून घेतलं. दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी एक दम्याचे आजोबा आले. मग दिवस राहिलेली एक सून आली. एका हाताने अधू असलेला टपालवाला आला. त्यांचं पाहून ज्यांचे हातपाय धडधाकट होते तेही खालूनच हाका मारू लागले. कशाला चढायचं? "नलू, थैली सोड!" एवढं ओरडलं की काम झालं. ज्या वाचनालयात दिवसाकाठी चार माणसं यायची तिथे रांग लागू लागली. पुंडलिकरावांनी तर थैली अगदी डोक्यावर घेतली. यवतमाळला कोणी भेटलं की आधी थैलीचं सांगायचे.

थैलीची आणखी एक सोय काहींना झाली होती, ती मात्र कोणी बोलून दाखवली नाही. नलूच्या हातून पुस्तक घेणं ज्यांच्या जिवावर आलं असतं, त्यांना थैलीतून घेताना काहीच वाटत नसे. नलूला ते दिसायचं. वरून सगळंच दिसतं. कोण थैलीत हात घालण्याआधी इकडेतिकडे पाहतो आणि कोण घरी नेण्याआधी पुस्तकावर हळूच पाण्याचा शिंतोडा मारतो, तेही दिसायचं. तिला संताप यायचा, पण खिडकीतून ओरडून कोणाशी भांडणार? सगळा चौक ऐकतो.

अशी दोन वर्षं गेली. साऱ्या गावाला वाचनालय सोपं झालं, एकट्या नलूला सोडून.

कार्तिक उजाडला. कापसाचा हंगाम सुरू झाला. आर्णीच्या रस्त्याने बैलबंड्यांची रीघ लागली. जिनिंगचा मुकादम हमालांना सोडेना. धावजीला यायला रोज उशीर होऊ लागला. एकदा दिवेलागण झाली, चौकातली माणसं पांगली, तरी त्याचा पत्ता नव्हता. नलूच्या पोटात दुपारपासून कळा येत होत्या. शेवटी राहवेना म्हणून तिने खिडकीतून समोरच्या चहावाल्याला हाक मारली. "भाऊ! ओ भाऊ!"

चहावाल्याने भट्टीवरून नुसता हात हलवला. "आज नको, नलू. गिऱ्हाइकी आहे. उद्या घेतो पुस्तक."

तिने पुन्हा हाक मारली. त्याने पुन्हा हात हलवला. मोरीला जायचंय हे बाविशीतल्या पोरीने भर चौकात ओरडून सांगायचं कसं? ती खिडकीपासून मागे सरली. मग व्हायचं तेच झालं. तिने लुगड्याच्या पदराने फरशी पुसली, पुन्हा पुसली, आणि अशी रडली की जन्मात रडली नव्हती. ते दुःखाचं रडणं नव्हतं, रागाचं होतं. धावजी धापा टाकत आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तिने पाठीवर यायला नकार दिला, तेव्हा तो खाली बसून एवढंच म्हणाला, "ये, बाई. माह्या पोरीलेबी मी असाच नेतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरताना नलूने त्याला खालच्या दाराशी थांबवलं. वाचनालयाच्या खाली चौकाच्या सपाटीला एक ऐसपैस खोली होती. पाटीवर लिहिलेलं 'सभागृह'. सभा वर्षातून एकदा व्हायची, बाकी वेळ पत्ते चालायचे. पुंडलिकराव हातात पानं धरून बसले होते. धावजीच्या खांद्यावरून मान काढून नलू म्हणाली, "भाऊसाहेब, एक मागनं होतं. पुस्तकं या खोलीत आनता येतीन का?"

खेळ थांबला. कोणीतरी खोकलं.

"खाली?" पुंडलिकराव म्हणाले. "अगं, सरस्वती आहे ती. माणसांच्या पायाशी ठेवायची? आपल्या वडीलधाऱ्यांनी विचार करूनच वर ठेवली. शिवाय या जमिनीला वाळवी आहे."

"वाळवी तं वरबी आहे, भाऊसाहेब. आढ्यातून येते."

"आणि पत्ते कुठी खेळाचे?" मागून एकाने विचारलं. सगळे हसले. तो थट्टा करत नव्हता, हे नलूच्या लक्षात आलं.

"आणि गरज काय?" पुंडलिकराव म्हणाले. "तुझी थैली आहे ना! इंदुताईंना विचार, आजोबांना विचार. साऱ्या जिल्ह्यात अशी सोय नाही, नलू."

नलूने विचारलंच होतं. सकाळी खिडकीतून आवाज दबका ठेवून तिने इंदुताईंना सांगून पाहिलं होतं, तर त्या मान वर करून गोड हसल्या होत्या. "अव, मले तं थैलीच बरी. कायले बदलाचं?"

"सोय लोकायची झाली, भाऊसाहेब," नलू म्हणाली. "माही नाई झाली. मी सकाळी वर जातो ते कोणी आनल्याशिवाय खाली येऊ शकत नाई. मानूस आहो मी. मले माह्या मनानं येता-जाता आलं पाह्यजे."

पुंडलिकरावांनी पानं खाली ठेवली. त्यांचे डोळे खरोखर ओलावले. "खरं आहे," ते म्हणाले. "हे आमच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. करतो, पोरी. पुढच्या आठवड्यात यवतमाळहून वाचनालयाच्या तपासणीचे साहेब येणार आहेत, त्याच्या आत करतो."

त्या दिवशी वस्तीपर्यंत नलू धावजीच्या पाठीवर गात गेली.

तीन-चार दिवसांनी खिडकीबाहेर ठोकाठोक सुरू झाली. सुताराने वाशाला एक लोखंडी कप्पी ठोकली. जिनिंगमधून जाड दोर आला, आणि दोराला बांधलेलं कापसाचं मोठं डालं आलं. बांबूचं, कापूस भरून न्यायचं असतं तसलंच. खाली चौकात पुंडलिकराव कमरेवर हात ठेवून उभे होते. आधी त्यांनी डाल्यात सरकीचं पोतं ठेवून पाहिलं. पोतं वर गेलं, खिडकीशी गरगर फिरलं, आणि डुलत डुलत खाली आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहिलं का, नलू?" पुंडलिकराव खालून ओरडले. "तुझी सोय! आता तू हाक मारायची, खालून कोणीही सोडेल. धावजीची वाट पाहणं नको!"

नलूने खिडकीची चौकट घट्ट धरली. म्हणजे आतापर्यंत एक माणूस लागायचा, आता कोणीही चालेल. आणि कोणीही नसलं तर? ती खिडकीतून ओरडणार, आणि चहावाला हात हलवणार. हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण खाली गावातली सगळी चांगली माणसं मान वर करून हसत होती, आणि तिला जाऊन कोपऱ्यात तोंड लपवावंसं वाटलं.

घरी तिने बापाला सांगितलं. वाटलं, हा तरी चिडेल. गोविंदा उलट खुश झाला.

"मंग चांगलंच झालं! उंचावरून येशीन. साऱ्या गावासमोर, साहेबासमोर."

"बाबा, सरकीच्या पोत्यावानी येईन मी."

"पायाले माती तं लागनार नाई?" गोविंदा म्हणाला. त्याची मान आणखी ताठ झाली. जिना तिकडे, डालं मध्ये, आणि इकडे बापाचा मान. सगळीकडून वाट बंद होती.

साहेबांची मोटार यवतमाळहून यायची ती उशिरा आली. चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. डाल्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. इंदुताई पहिल्या खुर्चीवर, गोविंदा पांढराशुभ्र सदरा घालून गर्दीच्या पुढे. दोर धरायला अर्थातच धावजी. मुकादमाने त्याला तेवढ्यापुरतं सोडलं होतं.

पुंडलिकरावांनी भाषण केलं. या वाचनालयात लंगडा, पांगळा, म्हातारा, कोणालाच अडचण नाही म्हणाले. साहेबांनी एक पुस्तक मागितलं. नलूने ते थैलीतून सोडलं. टाळ्या पडल्या. साहेब हसले, "वा, छान युक्ती आहे."

"ही तर काहीच नाही," पुंडलिकराव म्हणाले. "आता ग्रंथपाल स्वतः खाली येतील. चल, धावजी!"

कप्पी करकरली. डालं वर आलं आणि खिडकीसमोर लोंबकळत राहिलं. झेंडूचा वास आला. नलूने खाली पाहिलं. धावजी दोर धरून वर पाहत होता. हसत नव्हता. सगळा चौक तिच्याकडे पाहत होता आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. ती डाल्यात बसली की हे कौतुक पक्कं होणार होतं, कायमचं. मग तिने काही मागायला तोंड उघडलं, तर लोक म्हणणार, एवढं केलं तरी हिचं रडणं चालूच.

तिने डालं हाताने बाहेर लोटलं आणि खिडकीपासून मागे फिरली.

खाली कुजबुज झाली. "काय झालं? भ्याली वाटते." मग जिन्याच्या तोंडाशी नलू दिसली. बसलेली. एका हाताने दोरी धरून तिने दुसरा हात खालच्या पायरीवर टेकवला आणि अंग खाली घेतलं. पायरी कर्रकन वाजली. मग तिने दुसरी पायरी घेतली. लुगडं वर सरकलं आणि तिच्या काटकुळ्या पिंढऱ्या साऱ्या गावाला दिसल्या. ते सावरायला ती थांबली. पण दोन्ही हात लागतच होते, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं. मध्यावर तिचा तळवा निसटला. ती दोन पायऱ्या घसरली, दोरीला लोंबली. बायका किंचाळल्या. धावजी धावला.

"लांब राय, धावजीदादा," ती म्हणाली. तो तिथेच थांबला.

गोविंदाने तोंड फिरवलं होतं. नलूने ते पाहिलं, आणि तळवा सोलवटला त्याहून ते जास्त झोंबलं. तरी ती उतरत राहिली. शेवटची पायरी संपली आणि ती चौकाच्या मातीत आली. कोणी आणलं नव्हतं, कोणी सोडलं नव्हतं. तिला छातीत इतकं मोकळं वाटलं की हसू की रडू ते कळेना.

साहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच वाजवू लागले. पुंडलिकराव रुमालाने डोळे टिपत पुढे आले.

"काय ही जिद्द!" ते साहेबांना म्हणाले. "पाहिलंत? म्हणजे आता डाल्याचीही गरज नाही. सकाळी तेवढं वर पोचवून दिलं की झालं. उतरते ती आपली आपण!"

नलू त्यांच्याकडे पाहतच राहिली. या माणसाला सगळं समजत होतं, डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि तरी एक थेंब आत जात नव्हता.

"मी उद्यापासून वर जानार नाई, भाऊसाहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खालच्या दाराशी बसीन. पुस्तकं खाली आली की काम करीन."

"असा हट्ट बरा नाही, नलू. मग लोकांना पुस्तकं कोण देणार?"

नलूने सोलवटलेला तळवा पदराने पुसला. साहेबांना परतायची घाई होती, ते घड्याळ पाहू लागले. चहा झाला, माणसं पांगली. पुंडलिकरावांनी जाताना खालच्या खोलीला कुलूप लावलं. इतके दिवस त्या दाराला कधी कुलूप नसे.

रात्री गोविंदा जेवला नाही. सकाळी धावजी आला तेव्हा नलूने त्याला परत पाठवलं आणि ठोकळे हातात घेतले. गोविंदा दारात उभा होता.

"चौकातून जाशीन?"

"हो, बाबा."

"असी?"

"मले असंच चालता येते."

त्याने डोक्याला टोपी घातली आणि जिनिंगला आपल्या हलक्या कामावर निघाला. रोजच्या रस्त्याने नाही, नाल्याकडच्या फेऱ्याच्या वाटेने, म्हणजे चौकातून जावं लागणार नाही. नलू त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग डोळे पुसून ती निघाली. चौकात लोक थांबून पाहत होते. तिने कोणाकडे पाहिलं नाही. ती कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने इंदुताई काठी टेकत आल्या. नेहमीसारख्या ओट्यावर टेकल्या, मान वर केली आणि बंद खिडकीकडे पाहून ओरडल्या, "नलू! अव नलू! पुस्तक संपलं माहं. थैली सोड!"

नलू त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. त्या आपणहून खाली पाहतात का पाहू, असं ती मनात म्हणाली.

"नलू! झोपली का व?" इंदुताईंनी पुन्हा हाक दिली. मान वरच होती.

"इथी आहो मी, बाई."

इंदुताईंनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी खाली.

"अव माय! तू इथी काहून बसली? मले पुस्तक कोन देईन?"

"वर आहेत पुस्तकं. जाऊन घ्या."

इंदुताई जिन्याकडे पाहू लागल्या. दोन वर्षं त्या याच जिन्याखाली बसत होत्या. पहिल्या पायरीपासून वरच्या अंधाऱ्या तोंडापर्यंत त्यांनी सगळा जिना हळूहळू पाहिला.

"मले नाई व चढता येत," त्या म्हणाल्या.

"मलेबी नाई येत, बाई."

मग इंदुताईंनी काठी भिंतीला लावली, पदर सावरला आणि ओट्यावरून सरकत सरकत नलूच्या शेजारी, त्या बंद दाराला पाठ लावून, पुंडलिकरावांची वाट पाहत बसून राहिल्या.